पहाटे साडेपाचचा फॅक्स

परवा मैत्रिणीचा फोन. "फॅक्स मशीन घ्यायचंय, चल." मी आधी मनसोक्त हसून घेतलं. फॅक्स? आता? आपल्या पिढीनं फॅक्स पाहिलाय तो बाबांच्या ऑफिसात, तोही 'हात लावू नकोस' या अंतरावरून. ती शांतपणे म्हणाली, "हसून झालं की सांग." तेव्हा कळलं, मामला सीरियस आहे.

बाईसाहेबांचं कर्वे रोडवर तीन माणसांचं ऑफिस आहे. जपानीतून टेक्निकल भाषांतरं करतात. क्लायंट म्हणजे जपानमधले सुट्या भागांचे छोटे, घरगुती म्हणावेत असे कारखाने. तिथले साठीचे काका ड्रॉइंगवर पेन्सिलीनं दुरुस्ती करतात, कागद मशीनमध्ये घालतात आणि बटण दाबतात. त्यांना 'स्कॅन करून मेल करा ना' हे सांगण्याची हिंमत कुणी करत नाही. तिथल्या मंत्र्यांनाही ते जमलं नव्हतं बॉस! २०२१ साली तारो कोनो सरकारी कार्यालयांतून फॅक्स हद्दपार करायला निघाले, तर सरकारी खात्यांतूनच शेकड्यांनी हरकती आल्या आणि मोहीम गुंडाळावी लागली. २०२४ मध्ये सरकारी नियमांतून फ्लॉपी गेली एकदाची, पण फॅक्सचं आसन अढळ.

तर ऑगस्टमध्ये झालं असं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडे सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या मंगळवारी पहाटे नऊ पानांचा फॅक्स आला. मशीनमधला कागद आदल्या संध्याकाळीच संपलेला. मशीननं शहाण्यासारखी नऊच्या नऊ पानं मेमरीत घेतली आणि कागदासाठी टूं टूं करत बसलं. आठ वाजता झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्या आवाजानं त्यांचं डोकं उठलं, त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. दहा वाजता मंडळी आली, कागद भरला, बटण चालू केलं. मशीन एकदम फ्रेश! रात्री काही घडलं होतं याचा मागमूस नाही.

तीन दिवसांनी जपानहून विचारणा, "बदललेलं माप कळवलंत ना?" कुठलं माप? सातव्या पानावरचं. तोवर चाकणच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मापानं साडेतीनशे ब्रॅकेट तयार होऊन पडले होते. थेट भंगारात. आणि काकांच्या हातात 'ओके' छापलेली पावती होती. "आम्हाला मिळालंच नाही" हे त्या पावतीसमोर कसं म्हणणार? माफी मागितली, त्या महिन्याचं बिल निम्मं केलं. पैशापेक्षा तिला लागलं ते वेगळंच. काकांनी तेव्हापासून प्रत्येक फॅक्सनंतर फोन करायला सुरुवात केली. 'मिळालं का?' पहाटे साडेपाचला, तिच्या मोबाइलवर.

असो. तर आम्ही टिळक रोडवरच्या एका दुकानात. आजकाल नुसतं फॅक्स मशीन शोधायला गेलात तर वेळ जातो. बहुतेक ठिकाणी प्रिंटर-स्कॅनर-कॉपीअर-फॅक्स असा ऑल-इन-वन खटला मिळतो. दुकानदारानं दोन समोर ठेवले. एकाची फॅक्स मेमरी ४०० पानं, दुसऱ्याची १००. चारशेवालं साडेतीन हजारांनी स्वस्त. आता सांगा, तुम्ही कुठलं घ्याल? मीही तेच म्हणाले.

पण घरी येऊन दोन्हींच्या माहितीपत्रकांतली खालची बारीक अक्षरं वाचली. (मास कॉमला शिकवलेली एवढी एकच गोष्ट मला आजवर उपयोगी पडलीय.) ही 'पानं' कुठली? तर 'आयटीयू-टी चार्ट नंबर १, स्टँडर्ड रिझोल्यूशन'. हे प्रकरण भलतंच मजेशीर निघालं. हा चार्ट म्हणजे टाइप केलेलं एक पानी इंग्रजी बिझनेस पत्र, स्लेरेक्स नावाच्या कंपनीच्या लेटरहेडवरचं. त्यावर तारीख १९७२ ची, आणि पत्राचा विषय? फॅक्स कसा चालतो! भरपूर मोकळी जागा, चार परिच्छेद, खाली सही. मशीन पांढरी जागा दाबून दाबून चिमूटभर करतं, म्हणून असं पत्र अगदी थोडक्यात मावतं.

आमच्या काकांचं पान तसं नसतं. एका ओळीत १७२८ ठिपके, आणि 'फाइन'वर पाठवलं की ओळी दुप्पट. म्हणजे न दाबलेलं पान जवळजवळ अर्धा एमबी. त्यात पेन्सिलीच्या छटा, शिक्के, बारीक आकडे. छटा असलेलं पान तर नीट दाबलंच जात नाही. म्हणून मी छापील आकड्याचा सरळ चौथा हिस्सा धरला. शंभराची पंचवीस. शिवाय आपण सकाळी पाठवायला म्हणून स्कॅन करून ठेवलेली पानंही बऱ्याच मशीनमध्ये त्याच मेमरीत बसतात, ते वेगळंच. मैत्रिणीला एका रात्रीत जास्तीत जास्त पंधरा-सोळा पानं येतात. म्हणजे शंभरवालंही पुरतं. मग चारशेचं काय करायचं, लोणचं?

खरा प्रश्न मला रात्री झोपताना सुचला. मेमरी भरली तर फॅक्स मध्येच तुटतो आणि पाठवणाऱ्याला 'एरर' मिळते. तो चरफडतो, पुन्हा पाठवतो. वाईट, पण निदान प्रामाणिक. आणि मेमरीत घेतलं की मशीन लगेच 'मिळालं' म्हणून कळवून टाकतं, कागदावर उमटायच्या आधीच. त्यानंतर वीज गेली आणि मेमरी पुसली गेली, तर तिकडे 'ओके' आणि इकडे शून्य. आमच्या मावशींच्या बटणानं नेमकं हेच केलं होतं. थोडक्यात, पानं किती मावतात यापेक्षा वीज गेल्यावर ती टिकतात का, हे आधी विचारायला हवं होतं. काही मशीनमध्ये फ्लॅश मेमरी असते, ती विजेविना टिकते. काहींत छोटी बॅटरी असते, ती थोडा वेळ तग धरते. आणि काहींत काहीच नसतं.

यूपीएस लावू, असं मीही म्हणून पाहिलं. पण लेझर प्रिंटरचा हीटर एकदम इतका करंट खेचतो की कॉम्प्युटरवाला छोटा यूपीएस किंचाळून बंद पडतो. इंकजेटचं एक वेळ जमतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. दुकानदाराकडे दोन फोन लाइन होत्या, सुदैवानं जुन्या तांब्याच्या. (फायबरवरच्या लँडलाइनवर फॅक्स कधी जातो, कधी अर्ध्यात लटकतो. तुमच्याकडे फायबर असेल तर मशीनवर पैसे घालण्याआधी तेवढी ट्रायल घ्याच.) आम्ही दोन्ही मशीनमधला कागद काढला आणि दोन्हींवर काकांचं एक जुनं ड्रॉइंग फाइनवर पाठवलं. 'ओके'ची पावती आली. मग वायर काढून चहा प्यायला गेलो. वीस मिनिटांनी परत येऊन वायर लावली, कागद भरला.

चारशेवालं गप्प. नुसता हिरवा दिवा. शंभरवाल्यानं थोडा विचार केला, घरघर केली आणि ड्रॉइंग बाहेर ढकललं. पेन्सिलीच्या खुणांसकट. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतक्या वर्षांत हे कुणी करून बघितलं नव्हतं." मैत्रिणीनं तिथल्या तिथे कार्ड काढलं.

नव्या मशीनमध्ये आलेला फॅक्स मेलवर फॉरवर्ड करायची सोय आहे, तीही लावून टाकली. आणि भिंतीवरच्या बटणाशेजारी ठळक अक्षरात चिठ्ठी: 'हे बटण बंद करू नये.' मावशींनी ती वाचली, कमरेवर हात ठेवले.

"आधी सांगायचं ना ताई. जाताना सगळी बटणं बंद करा, हे तुम्हीच तर सांगितलं होतं."

काकांचे पहाटेचे फोन अजून येतात. पण मागच्या आठवड्यात दोनच आले.