अडाणी कोण?

बाळ न्यूमोनियाने गेले की "आई अडाणी, उशिरा आणले" असा निकाल लगेच लागतो. आमचा सवाल वेगळा आहे. न्यूमोकोकस जंतूवरची तान्ह्या मुलांची लस अमेरिकेत 2000 साली आली. महाराष्ट्रात ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला 2021 उजाडले. तोवर ती खासगी डॉक्टरकडे, डोसामागे हजारो रुपये मोजणाऱ्यांसाठी होती. सफाई कामगाराने, ऊसतोड मजुराने ते कुठून आणायचे?

बरे, उपचार तरी अवघड होता का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1988च्या सुमारास गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजून साधे प्रतिजैविक द्यायला शिकवले. त्यात लिहिता-वाचता न येणाऱ्या दायाही होत्या. बालमृत्यू घटले. (अडाणी म्हणतात ते याच बायकांना!)

आज लस सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मिळते. पण आईबाप कोयता घेऊन परजिल्ह्यात गेले असतील, तर नवव्या महिन्यातले बाळ नेमके कोणत्या गावच्या यादीत असते? तिसरा डोस कोणत्या वस्तीत, कोणत्या जातीच्या बाळांचा राहतो, हे आकडे आरोग्य खात्याने जाहीर करावेत. आम्ही ते मागत आहोत.