शोकाला वाट हवी

आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि या परिसराने ते अभिमानाने स्वीकारले. इथल्या महाविद्यालयालाही त्याच नाटककाराचे नाव आहे. या अभिमानासोबत येणारी एक जबाबदारी मात्र आपण अद्याप उचललेली नाही, असे मला वाटते.

‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम उघडपणे रडतो, मूर्च्छित होतो. तमसा त्याच्या विलापाचे समर्थन करते आणि दाखला देते तो तलावाचा: पाणी फार वाढले की त्याला वाट द्यावीच लागते. तलावांच्या या जिल्ह्यात हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. सांडवा नसेल तर पाळ फुटते, आणि त्यात दोष पाण्याचा नसतो.

आपण हा अंक करुणरसाचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि वर्गाबाहेर मुलाला ‘पोरीसारखा रडतोस काय’ म्हणून गप्प करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दर दहांमागे सुमारे सात पुरुष होते. १३,०४४ विद्यार्थी होते आणि ४४ हजारांहून अधिक रोजंदारी मजूर. आमगावच्या वर्गात बसलेला विद्यार्थी अनेकदा अशाच मजुराचा मुलगा असतो, हे विसरून चालणार नाही.

निकालानंतर बातमी येते: ‘नापास झाल्याने जीवन संपवले’. शोकांतिका एका कारणाने घडत नाही, हे आपण परीक्षेत लिहून घेतो आणि वृत्तपत्र वाचताना विसरतो. नैराश्य, कर्ज, जातीवरून झालेला अपमान, घरातली मारहाण यांचे ओझे आधीच साचलेले असते. निकाल हा पुष्कळदा शेवटचा प्रसंग असतो, एकमेव नव्हे.

‘विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल’, असा आक्षेप शिक्षक घेतात. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. घातक असते ते मृत्यूचे उदात्तीकरण आणि पद्धतीचे वर्णन. गटेच्या ‘वेर्थर’विषयी (१७७४) ही भीती तेव्हाच निर्माण झाली होती. कवीच्या आत्मनाशाला प्रतिभेचा पुरावा मानणाऱ्या समीक्षेनेही याचा विचार करावा.

कायदा आपल्यापुढे गेला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. आपल्या तोंडी मात्र ‘भ्याड’ हा शब्द अजून आहे.

शिक्षक डॉक्टर नव्हे. पण वर्गात अबोल झालेल्या, ‘मी नसलो तरी काय बिघडते’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारणे त्याला शक्य आहे. उत्तर ऐकताना उपदेश करू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, त्याला एकटे सोडू नये. सोबत बसून १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक लावून द्यावा, ही शासकीय सेवा मोफत आणि अहोरात्र आहे.

बोलण्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. सांडव्यानेही पाऊस थांबत नाही. पाळ मात्र वाचते. आणि सांडवा पावसाळ्यापूर्वी बांधायचा असतो, निकालाच्या दिवशी नव्हे.