क्रेगिव्हरची गढी आणि उघड्या दगडाचें वेड

किल्ला म्हटला म्हणजे तो काळवंडलेल्या, उघड्या दगडाचा, शेवाळलेला आणि शक्य तर थोडा पडका असावा. त्यास चुना लावणें म्हणजे इतिहासास रंगरंगोटी करणें, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ झाला आहे. या समजाचे अपराधी आम्हीही आहोंत. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या शिकवितांना वर्षानुवर्षें आम्ही विद्यार्थ्यांपुढें हेंच चित्र रंगविलें. स्कॉटचें बालपण स्मेलहोमच्या उजाड मनोऱ्याशेजारीं गेलें, तेव्हां त्याच्या कल्पनेस पडक्या भिंतींचा लळा लागला, तर नवल नाहीं. आमच्या आळसास मात्र तें निमित्त पुरेसें नाहीं.

ॲबर्डीनशायरमधील क्रेगिव्हर पाहा. मॉर्टिमर घराण्यानें त्याचें काम आरंभिलें. पण द्रव्यबळ अपुरें पडलें. १६१० सालीं तें विल्यम फोर्ब्स यानें विकत घेतलें व १६२६ सालीं पुरें केलें. हा फोर्ब्स कोणी रणशूर सरदार नव्हे. बाल्टिक समुद्राकाठच्या बंदरांशीं व्यापार करून गबर झालेला तो व्यापारी. लोक त्यास 'डान्झिग विली' म्हणत! अशा गृहस्थाच्या राहत्या घरास 'किल्ला' म्हणणें आम्हांस पटत नाहीं. आपल्या भाषेंत 'गढी' हा नेमका शब्द असतां तो आपण कां टाकतों?

रचना तिची पाहण्यासारखी आहे. इंग्रजी 'एल्' अक्षरासारखा आराखडा, आंतल्या कोनांत चौकोनी मनोरा, आंत शिरावयास दार एकच आणि त्यास लोखंडी गजांची भक्कम जाळी. खालच्या भिंती साध्या व सपाट. पण वर पाहावें तों दगडी तोड्यांवर तोललेले गोल बुरूज आणि निमुळतीं छपरें. सात मजले, पण जमीन व्यापली आहे ती अगदीं थोडी. चोरदरोडा आणि शेजाऱ्याचें वैर, एवढ्यांस तोंड देण्यापुरता हा बंदोबस्त. तोफांच्या वेढ्यापुढें तो टिकणारा नव्हे, आणि त्यासाठीं तो बांधलेलाही नव्हता. आंत दिवाणखान्याचें छत गिलाव्याच्या नक्षीनें भरलेलें, चुलाण्यावर राजघराण्याचें भव्य चिन्ह. १६६८ सालच्या एका पाटीवर तर 'निजलेलीं कुत्रीं उठवूं नका' अशा अर्थाचा इशाराही कोरलेला आहे! हें सारें ऐटींत राहणाऱ्या गृहस्थाचें घर आहे, शिलेदाराचें ठाणें नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. या भिंती ओबडधोबड दगडांच्या आहेत. त्या उघड्या राहाव्यात अशी बांधणाऱ्याची कल्पनाच नव्हती. चुना आणि बारीक खडी यांचें मिश्रण भिंतीवर जोरानें फेकून तिला जाड अंगरखा चढवावयाचा, ही तिकडची जुनी रीत. चुना पाऊस शोषतो आणि ऊन पडलें कीं तें पाणी परत सोडतो. एकोणिसाव्या शतकांतील रसिकांस मात्र 'खरा दगड' पाहावयाचा होता. त्यांनीं ठिकठिकाणीं हा अंगरखा खरवडून काढला आणि सांध्यांत पाण्यास वाट करून दिली. विसाव्या शतकांतील शहाण्यांनीं त्यावर सिमेंटचा उपाय शोधला. सिमेंटास बारीक भेगा पडतातच. त्यांतून शिरलेलें पाणी मग बाहेर पडूं शकत नाहीं. क्रेगिव्हरचा असाच सिमेंटी लेप २००७ नंतर काढून पुन्हा चुना चढवावा लागला.

स्टर्लिंगच्या गडावरील मोठ्या सभागृहाचा जीर्णोद्धार १९९९ सालीं पुरा झाला आणि त्यास पिवळसर सोनेरी चुना दिला, तेव्हां गांवांत ओरड झाली. भडक दिसतें, म्हणे! चौथ्या जेम्स राजानें जें दुरून डोळ्यांत भरावें म्हणून उभारलें, तें डोळ्यांत भरलें, ही का तक्रार?

'मग क्रेगिव्हरचा गुलाबी रंग तरी मूळचा कोठें आहे?' असा प्रश्न आमच्या एका व्यासंगी स्नेह्यानें टाकला आहे. प्रश्न रास्त आहे. पूर्वीं ती गढी मलईसारख्या फिकट रंगाची असावी. परंतु वाद रंगाचा नाहीं, चुन्याचा आहे. रंग पुढची पिढी हवा तर बदलील. भिजून फुगलेली भिंत तिला परत मिळावयाची नाहीं.

१९६३ पासून ही वास्तु नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या हवालीं आहे. पुढच्या सत्रांत स्कॉट शिकवितांना आम्ही वर्गांत वेलींनीं वेढलेल्या भग्न मनोऱ्याचें चित्र नेणार नाहीं, क्रेगिव्हरचें नेऊं. विद्यार्थी हसतील, तर हसोत.