इंजिनाचा मेंदू बदलावा की न बदलावा?

आजच्या कोणत्याही मोटारीत, बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे, पाठ्यपुस्तकाएवढी एक बंद पेटी असते. तारांचा जाडजूड जुडगा तिला येऊन मिळालेला असतो. ही पेटी म्हणजे इंजिनाचा संगणक. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ईसीयू’ म्हणतात. मिस्त्री मंडळी मात्र तिला सरळ ‘गाडीचा मेंदू’ म्हणतात, आणि ते नाव तिला शोभतेही.

जगात अनेक हौशी लोक कारखान्याने बसवलेला हा मेंदू काढतात आणि त्याच्या जागी बाजारातून आणलेला किंवा स्वतःच जुळवलेला दुसरा मेंदू बसवतात. कंपनी म्हणते, पेटीला हात लावू नका. मालक म्हणतो, गाडी माझी, पेटी माझी. विद्यार्थिमित्रांनो, यात खरे कोणाचे? उत्तर देण्यापूर्वी ही पेटी काय काम करते ते नीट समजून घेऊ.

मेंदूचे गणित

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. सगळे पेट्रोल जळावे आणि हवेतला ऑक्सिजनही उरू नये, असे प्रमाण वजनाने सुमारे १४.७ भाग हवा व १ भाग पेट्रोल असे असते. समजा, एका सिलिंडरचे आकारमान ५०० घनसेंटिमीटर आहे आणि तो हवेने पूर्ण भरला. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे सिलिंडरात ०.६ ग्रॅम हवा आली. तिला १४.७ ने भागा. उत्तर येते सुमारे ४१ मिलिग्रॅम. एवढेच पेट्रोल त्या वेळी हवे.

आता वेळेचा विचार करा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. या वेगाने क्रँकशाफ्ट एका सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. ठिणगी तेवढी जरी पुढेमागे झाली तरी इंजिनाचे तंत्र बिघडते.

संगणक हे काम एका कोष्टकाच्या आधारे करतो. कोष्टकात एका बाजूला इंजिनाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूला आत येणाऱ्या हवेचा दाब किंवा तिचे वजन असते. फेरे व दाब यांच्या प्रत्येक जोडीसाठी किती पेट्रोल आणि केव्हा ठिणगी, हे आकडे आधीच भरलेले असतात. पाण्याचे तापमान, हवेचे तापमान, ऍक्सिलरेटर किती दाबला आहे, हे संवेदकांकडून कळते आणि त्याप्रमाणे आकड्यांत दुरुस्ती होते. मेंदू बदलणे म्हणजे मुख्यतः हे कोष्टक बदलणे होय.

संगणक आला तो धुरामुळे

कार्बुरेटरवर गाड्या कित्येक दशके धावल्या. मग संगणकाची गरज का पडली? त्याचे मोठे कारण लॉस एंजेलिसच्या आकाशात होते. त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके साचत असे. गाड्यांतून न जळता निघालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात व अमेरिकेत धुरावर कडक मर्यादा आल्या.

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-पद्धती १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने कॅलिफोर्नियातील गाड्यांत त्रिमार्गी उत्प्रेरक आणि लॅम्डा संवेदक बसवले. हा उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करतो. पण एका अटीवर. मिश्रणाचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. पेट्रोल जास्त झाले तर पहिले दोन विषारी घटक सुटून जातात, हवा जास्त झाली तर तिसरा. म्हणून लॅम्डा संवेदक धुरातला ऑक्सिजन सतत पाहतो आणि संगणक सतत दुरुस्ती करत राहतो. १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत बॉशची ‘मोट्रॉनिक’ ही पद्धती आली आणि पेट्रोल व ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या ताब्यात गेली. थोडक्यात, इंजिनाच्या मेंदूवर पहिल्यापासूनच हवा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी आहे.

लोक मेंदू का बदलतात?

कारणे निरनिराळी असतात. कधी गाडी जुनी झालेली असते, संगणक बिघडतो आणि कंपनीने तो बनवणे केव्हाच थांबवलेले असते. कधी इंजिनाला टर्बोचार्जर जोडलेला असतो, त्यामुळे जास्त हवा आत येते आणि जुन्या कोष्टकातले आकडे गैरलागू ठरतात. शर्यतीच्या गाडीत तर स्वतःचे कोष्टक हवेच असते.

आणखी एक कारण आहे, आणि आपल्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. काही लोकांना हे यंत्र समजून घ्यायचे असते. अमेरिकेत २००१ साली ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी ‘मेगास्क्विर्ट’ नावाचा इंजिनाचा संगणक सुट्या भागांच्या रूपात पुढे आणला. रोधक, संधारित्रे, मायक्रोप्रोसेसर हे सारे स्वतःच्या हाताने सोल्डर करायचे, आकडे स्वतः भरायचे आणि इंजिन चालवून पाहायचे. ज्याने असे एक जरी कोष्टक स्वतः भरले, त्याला वायूंचे नियम, ज्वलनाचे रसायन आणि विद्युत मंडले या तिन्ही गोष्टी एकत्र येऊन काय करतात ते कळते. हे शिक्षण कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणाऱ्या शिक्षणापेक्षा हलके नाही.

पण कारखान्याच्या पेटीतही बरेच ज्ञान साठवलेले असते, हे विसरून चालणार नाही. एकच उदाहरण घेऊ. उत्प्रेरक थंड असताना जवळजवळ काहीच काम करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो कामाला लागतो. म्हणून इंजिन सुरू होताच कारखान्याचा संगणक काही काळ मुद्दाम ठिणगी उशिरा पाडतो. शक्ती थोडी वाया जाते, पण गरम वायू बाहेर पडून उत्प्रेरक लवकर तापतो. हौशी माणूस शक्तीच्या मागे लागला की अशा गोष्टी हटकून राहून जातात. पेट्रोल कमी आणि ठिणगी फार लवकर, असे झाले तर इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. पेट्रोल फार झाले तर न जळलेले इंधन उत्प्रेरकात जाऊन जळते आणि उत्प्रेरकच निकामी होतो. पहिली चूक मालकाच्या खिशाला भोवते, दुसरी रस्त्यावरच्या सगळ्यांना.

असे नुकसान किती मोठे असू शकते? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली एक अंदाज प्रसिद्ध केला. आधीच्या सुमारे दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर-नियंत्रणाची साधने काढून टाकली गेली होती, आणि अशा गाड्यांचा जादा धूर नियम पाळणाऱ्या ९० लाख नव्या गाड्या रस्त्यावर आणण्याइतका होता.

दोन्ही बाजूंना धडा

मग पेट्या कायमच्या सीलबंद ठेवाव्यात काय? २०१५ साली अमेरिकेत नेमका हाच वाद चालू होता. गाडीतला प्रोग्रॅम तपासण्याची व बदलण्याची मुभा मालकाला कॉपीराइट कायद्यातून द्यावी, अशी मागणी होती. लोक धूर-नियंत्रण बिघडवतील, अशी हरकत पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या वर्षीच्या जुलैत पत्राने घेतली. आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी त्याच संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर नोटीस बजावली! कंपनीने डिझेल गाड्यांच्या सीलबंद संगणकातच लबाडीचा प्रोग्रॅम घातला होता. स्टिअरिंगची स्थिती, वेग, हवेचा दाब यांवरून आपली तपासणी चालू आहे हे संगणक ओळखी आणि तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागे. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रोग्रॅम होता.

हे उघडकीस कसे आले? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी धूर मोजण्याची उपकरणे गाडीत ठेवली आणि गाड्या रस्त्यावर चालवून मोजमाप केले. प्रयोगशाळेतले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. त्यांनी मोजले म्हणून सत्य कळले. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये मालकांना निदान, दुरुस्ती व कायदेशीर बदल यांपुरती मुभा मंजूर झाली. ती एका वर्षानंतर लागू झाली. धुराचे कायदे मात्र तसेच कायम राहिले.

या दोन्ही घटनांवरून माझे मत असे झाले आहे की, पेटी कोणी बनवली या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कंपनीचे सील म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे, आणि मालकाचा हक्क म्हणजे वाटेल तो धूर सोडण्याचा परवाना नव्हे. गाडी मालकाची असते, पण तिच्यातून निघालेली हवा रस्त्याने पायी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या छातीत जाते. म्हणून उघडण्याचा हक्क आणि मोजण्याचे बंधन ही जोडी एकत्रच राहिली पाहिजे. जो मेंदू बदलील त्याने उत्प्रेरक व लॅम्डा संवेदक जागेवर ठेवावेत आणि गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी बदलाआधीचा व नंतरचा धूर मोजून दाखवावा. जो मेंदू विकतो त्या कंपनीनेही रस्त्यावरचे मोजमाप त्रयस्थांना करू द्यावे.

आपल्याकडेही हा विषय दूरचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि साध्या मोटारसायकलींतही कार्बुरेटरच्या जागी इंजेक्टर व छोटा संगणक आला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. पण पीयूसीची तपासणी उभ्या गाडीवर होते. चालत्या गाडीचे खरे वागणे तीत दिसत नाही. कायदा आहे, मोजमाप मात्र अपुरे आहे.

शिक्षकांना एक विनंती. तांत्रिक विषय शिकवणाऱ्या शाळांनी भंगारातले एखादे जुने इंजिन स्टँडवर बसवावे आणि त्याला असा जुळवलेला संगणक जोडावा. मिश्रण बदलले की धूर कसा बदलतो, ते मोकळ्या हवेत, जाणकाराच्या देखरेखीखाली, वायुमापकावर मुलांना पाहू द्यावे. ज्या मुलाने ते आकडे स्वतः वहीत टिपले, तो पुढे मिस्त्री होवो, अभियंता होवो की नुसता गाडीचा मालक. मेंदू बदलण्याआधी धूर मोजायला तो विसरणार नाही.