प्रोसिडिंगची वही

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला वाळवणाच्या गप्पा झाल्या. आज मी कंपनी कायद्यावर लिहिणार आहे. थांबा, पान उलटू नका! कंपनी म्हटलं की आपल्याला मुंबई-पुण्याच्या उंच इमारती आठवतात. पण आता ती आपल्या कळंब-भूमच्या खेड्यांत, पार चुलीपर्यंत आली आहे आणि तिच्या कागदांवर सह्या आपल्याच आहेत.

झालं असं, की संक्रांतीला माझ्या थोरल्या जाऊबाई गावाकडून आल्या. पिशवीत बाजरीचं पीठ, तिळाची चटणी आणि तळाशी घडी घातलेला एक लिफाफा. "तू बी.ए. शिकलीस, वाच की काय लिवलंय." वाचलं आणि मी खालीच बसले. त्यांच्या भागातल्या बचत गटांच्या बायकांची सोयाबीन विकणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिचे हिशोब दोन वर्षं सरकारकडे दाखल झालेले नाहीत, असं नव्या हिशोबतपासनीसांनी संचालकांना कळवलं होतं. आणि संचालकांच्या यादीत आमच्या जाऊबाई!

"म्या फकस्त आधार दिलं, फोटू दिला. शेअरचं सर्टिफिकिट येणार म्हनले."

सोबत वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स होती. त्यावरही त्यांची सही. तारीख पाहून त्या म्हणाल्या, "त्या दिशी मी लेकीच्या बाळंतपणाला सोलापुरात हुते की गं."

मग सही कुठून आली? खोटी नव्हती. खरीच होती, हेच तर दुखणं. गटात आपण काय करतो? एकीला खुरपणीला जायचं असतं, दुसरीच्या घरी पाहुणे. मग सचिव म्हणते, सह्या करून जा, मी प्रोसिडिंग नंतर लिहिते. दहा-बारा जणींच्या गटात हे चालून जातं, कारण सगळ्या एकाच गल्लीतल्या असतात. तीच सवय कंपनीच्या कोऱ्या कागदापर्यंत गेली. (मीसुद्धा शाळेच्या मस्टरवर दोन दिवसांच्या सह्या एकदम केल्या आहेत, उगाच शहाणपणा कशाला सांगू!)

आमच्या ह्यांनी ओळखीच्या वकिलांकडे नेलं, तिथे जे कळलं ते सांगते. शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रकार २००२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आला. आता २०१३ च्या कंपनी कायद्यात त्याचं वेगळं प्रकरण आहे. किमान दहा उत्पादक मिळून अशी कंपनी काढता येते, संचालक पाच ते पंधरा. सगळ्या सभासद व्यक्तीच असतील तर शेअर एक असो की पन्नास, मत एकच. म्हणजे आपल्या भिशीसारखंच. पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचा असावा लागतो, तो नेमते संचालक मंडळ. आमच्या जाऊबाई मात्र त्या पोराला "साहेब" म्हणून चहा करून देत होत्या.

वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी यायला हवी. तिच्यासोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि तपासलेला ताळेबंद हवा. कंपनीच्या नियमात जास्त आकडा नसेल तर एक चतुर्थांश सभासद हजर असल्याशिवाय सभा होत नाही. जाऊबाईंच्या कंपनीत ३१२ सभासद, म्हणजे ७८ बायका हव्यात. एवढ्या बायका जमल्या असत्या तर गावात बोभाटा झाला नसता का?

आता पैशाचं. उशीर झालेल्या प्रत्येक वार्षिक कागदामागे रोज १०० रुपये जादा शुल्क. एका कागदाचे वर्षाला ३६,५०० झाले. आणि सलग तीन वर्षं हिशोब गेले नाहीत, तर पद जातंच, शिवाय पाच वर्षं कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त बंद पडलेल्या कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली, तेव्हा लाखो संचालक असे अपात्र ठरले होते.

भाऊजी म्हणाले, राजीनामा देऊन मोकळं व्हा. वकील म्हणाले, राजीनामा देता येतो, पण पदावर असतानाच्या चुकांची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. जाऊबाई गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आन् बाकीच्या बायकांच्या पैशाचं काय?"

सासऱ्यांच्या नावे एका साखर कारखान्याचा शेअर होता. आमच्या घराला त्याचा उपयोग म्हणजे दिवाळीची साखर, तीही पुढे बंद झाली. सभेला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. ढोकीचा तेरणा कारखाना तर कित्येक वर्षं बंद राहिला आणि भाड्याने देण्यावरून वाद वर गेला. तो सहकारी कायद्यातला मामला, तिथे सभासदांचे तंटे सहकार न्यायालयात जातात. उत्पादक कंपनीत सभासद आणि संचालकांचे आपसातले तंटे आधी समेटाने, नाहीतर लवादाकडून मिटवायचे असतात. पण त्याच्याही आधीचा एक रस्ता आहे. मत देण्याचा हक्क असलेल्या एक तृतीयांश सभासदांनी विषय लिहून सह्या करून दिल्या, तर संचालक मंडळाला विशेष सभा बोलवावीच लागते.

३१२ च्या एक तृतीयांश १०४. जाऊबाईंनी त्या सह्या गोळा करायला घेतल्या आहेत. मागणीचा कागद मी लिहून दिला: दोन वर्षांचा जमाखर्च दाखवा, सोयाबीनच्या काट्याच्या पावत्या दाखवा, राहिलेले हिशोब कधी दाखल करणार ते सांगा. कागद आधी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाकडून सही घ्यायची नाही, ही जाऊबाईंची अट. त्यामुळे काम हळू चाललं आहे. एकीने तर "आधी माझ्या लेकाला वाचून दाखवा" म्हणून परत पाठवलं. जाऊबाईंना राग नाही आला, उलट बरंच वाटलं.

७१ झाल्या आहेत. रविवारी शाळा नाही, तेव्हा उरलेल्या ३३ जणींकडे मीही सोबत जाणार आहे.