इपॉक्सी आणि कामगारांचे हात

नाशिकमध्ये थंडी उतरली की द्राक्षबागांची चिंता सुरू होते. त्याच थंडीत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इपॉक्सी रेझिनही जमेनासे होते, त्याची बातमी होत नाही. विजेच्या उपकरणांचे भाग ओतण्यापासून जमिनीवर गुळगुळीत थर देण्यापर्यंत हे रेझिन लागते. घरातल्या दोन नळ्यांच्या अ‍ॅराल्डाइटचाच हा मोठा भाऊ: रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की पदार्थ दगडासारखा घट्ट होतो.

भट्टीशिवाय जमणाऱ्या प्रकारांत हार्डनर बहुधा अमाईन वर्गातला असतो. तापमान १० अंशांनी उतरले की जमण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. मग पहाटे ओतलेला थर दुपारीही चिकट लागतो आणि कामगार त्याला हात लावतो. पूर्ण जमलेले इपॉक्सी त्वचेला सहसा बाधत नाही. बाधतात ते जोडले न गेलेले लहान रेणू.

यावर उपाय म्हणून ५ अंशांच्या आसपासही काम करणारे हार्डनर आले. त्यांतले काही काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतात. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उतला म्हणजे काय होते हे जुन्या माणसांना सांगायला नको. प्रक्रियेत तेलाचे रूप बदलते हे खरे, पण या हार्डनरचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते.

ही अ‍ॅलर्जी फसवी असते. काही आठवडे, कधी कित्येक महिने काहीच होत नाही. एकदा शरीराने त्या रेणूला शत्रू ठरवले, की थोड्याशा स्पर्शानेही एक-दोन दिवसांत बोटांवर, मनगटावर खाज आणि पाण्याचे फोड येतात. वाफेने पापण्या सुजतात. शरीर हे वैर सहसा जन्मभर विसरत नाही. हात उत्तम बसलेल्या कारागिराला ते कामच सोडावे लागते.

बहुतेकदा आधी नायटा समजून दुकानातले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले जाते. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर गेले की उलटते का, हा एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला तरी अर्धे निदान होते. उरलेले पाठीवरच्या पॅच टेस्टने होते.

हात थिनरने धुणे सर्वांत वाईट. त्वचेचे तेल जाते आणि रेझिन आत शिरते. पातळ लेटेक्सचे मोजे जवळजवळ निरुपयोगी. नायट्राइलचे बरे, पण तेही काही वेळापुरतेच, म्हणून ते बदलत राहावे लागतात. मिश्रणाची खोली २०-२५ अंशांवर ठेवली तर माल नीट जमतो आणि हातही वाचतात. हा खर्च कारखानदाराला परवडण्यासारखा आहे.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह नोंदवण्याच्या रोगांत धरला गेला आणि तो कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली गेली. पण काम जाईल या भीतीने कंत्राटी कामगार फोड आलेला हात खिशात लपवतो, आणि केसपेपरवर नुसते ‘खाज’ लिहिले जाते.