‘लिनक्स टाक’ म्हणणाऱ्यांना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उल्हासनगरच्या दुकानांतले, अंबरनाथ एमआयडीसीतल्या कार्यालयांतले, बदलापूरच्या घराघरांतले धडधाकट संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. ‘लिनक्स टाक’ हा सल्ला आता हौशी मंडळींच्या बाहेरही ऐकू येतो, तो म्हणूनच.

या अंकाचा विषय हा सल्लाच आहे. लिनक्सचा कोणता अवतार घ्यावा, उबंटू की मिंट की डेबियन, यावर जाणकार तासभर भांडतील (आम्हीही भांडलो). समोरच्याला काम काय करायचंय, हे मात्र विचारायचं राहून जातं. पत्रं लिहिणाऱ्याला आणि हिशेबाचे तक्ते मांडणाऱ्याला लिब्रेऑफिस पुरतं, आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये ते मराठीतून शिकताही येतं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, लिनक्सवर ते सरळ चालत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत वर्षानुवर्षांचं काम साठवलेल्या छपाईवाल्याचीही अडचण खरी आहे. अशांना उत्साहाच्या भरात डिस्क पुसायला लावणं आम्हाला बेजबाबदारपणाचं वाटतं. आधी माहितीची प्रत काढावी, मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावं. प्रिंटर आणि वायफाय चालतात का, ते तिथेच कळतं.

पुढच्या पानांवर सल्ला देणारे आहेत, तसेच तो ऐकून पस्तावलेलेही. तुम्हीही लिहा. संगणक किती जुना, काम कोणतं आणि गाडी कुठे अडली, एवढं जरूर कळवा.